धाकटीला नको

मधली पहाटेपासून उठबस करत होती. उठायची, स्वतःभोवती एक फेरी घालायची, मागे वळून कुशीकडे बघायची आणि पुन्हा बसायची. म्हातारा गव्हाणीच्या कठड्यावर बसून तिच्याकडे बघत होता. ऊन पत्र्यावर आलं तसा पत्रा तडतडायला लागला. सुनेने पाण्याची बादली आणून ठेवली.

"बाबा, चहा आणू?"

"हिचं होऊ दे आधी."

"तुम्ही उपाशी बसलात म्हणून ती लवकर विणार आहे का?"

"तू आण. थंड झाला तरी पिईन."

सून चहा आणायला गेली नाही. तीही तिथेच उकिडवी बसली. सासू होती तेव्हा गोठ्यात तिचं काम फक्त शेण काढायचं. धार काढणं, विणं बघणं, वळू लावणं, सगळं सासूचं. आता गेल्या उन्हाळ्यापासून ती आणि म्हातारा मिळून अर्धं अर्धं शिकत होते.

या गोठ्यात गाईंना स्वतःचं नाव नव्हतं. नाव खुंट्याला होतं. दाराजवळ बांधलेली ती थोरली, तिच्या पलीकडे मधली आणि भिंतीकडे धाकटी. थोरली गेली की बाकीच्या एकेक खुंटा पुढे सरकायच्या आणि नावंही सरकायची. ही रीत म्हातारीने घातलेली. "माणसांत नाही का?" ती म्हणायची. "मोठी जाऊ गेली की मधली थोरली होते. घर काही थोरलीवाचून राहत नाही." तिला स्वतःला कोण कोणाची हे पाठ होतं, चेहऱ्यावरून ओळखायची. बाकी कोणाला ओळखू आल्या नसत्या. सगळ्या तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, चारी पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. एका साच्यातल्या विटा जशा.

दुपार व्हायच्या आत पाय दिसले. म्हाताऱ्याने हात धुतले, पाय धरले आणि गाय कण्हली की खाली ओढायचा, ती थांबली की थांबायचा. एवढं त्याला येत होतं. वासरू सरसर बाहेर आलं. सुनेने त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसला आणि मागचा पाय उचलून बघितलं.

"कालवड आहे, बाबा."

म्हातारा वासराजवळ बसला. ओल्या केसांतूनसुद्धा कपाळावरचा ठिपका दिसत होता. चारी पाय पांढरे, एकही डाग इकडेतिकडे नाही.

"पहिलीसारखी आहे," तो म्हणाला.

"कोण पहिली?"

"तुझ्या सासूबरोबर आली होती ती. तू नाही बघितलीस. आम्ही दोघं चालत आलो होतो आणि ती मागून. रस्त्यात लोक मला बघत नव्हते, तुझ्या सासूलाही नाही. गाईला बघत होते."

सुनेला हसू आलं. मधली वासराला चाटत होती. थोड्या वेळाने वासरू गुडघ्यांवर उठलं, पडलं, पुन्हा उठलं. म्हाताऱ्याने त्याला कासेशी नेलं, सड तोंडात दिला. वासराने ओढायला सुरुवात केली आणि लगेच शिंकलं. नाकातून दोन पिवळ्या धारा बाहेर आल्या.

"अगं, दमाने," म्हातारा म्हणाला. "पळून नाही चालली तुझी आई."

दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा वासरू खोकलं आणि मान टाकून उभं राहिलं. चीक नाकातून ठिबकत होता.

"बाबा, पोटात काही जात नाहीये. सगळं नाकातून येतंय."

म्हाताऱ्याने वासराच्या तोंडात बोट घातलं. वासरू बोट चोखायला लागलं. त्याने बोट वर टाळूकडे वळवलं. जिथे अडायला हवं होतं तिथे बोट अडलं नाही, वर गेलं. आत मऊ, गरम, ओली फट होती. त्याने बोट काढून घेतलं आणि पँटला पुसलं.

"काय आहे?"

"डॉक्टरीणबाईंना फोन कर," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई स्कूटरवरून आल्या. म्हातारीची आणि त्यांची चांगली ओळख होती. त्यांनी वासराचं तोंड उघडून बॅटरी लावली आणि जीभ बाजूला करून आत बघितलं.

"टाळू जुळलेली नाही," त्या म्हणाल्या. "पार मागेपर्यंत उघडी आहे. बाप कोण हिचा? जावई?"

जावई म्हणजे घरचा वळू. गोठ्याच्या मागे वेगळा बांधलेला असायचा. बसून खातो, मान वर करून फिरतो आणि बोलावलं तरच कामाला येतो, म्हणून म्हातारीने त्याला ते नाव दिलं होतं. खुंट्याचं नसलेलं, स्वतःचं नाव असलेलं हे एकच जनावर.

"जावईच," म्हातारा म्हणाला.

"आणि ही गाय म्हणजे धाकटी ना?"

"ही मधली. धाकटी ती भिंतीकडची. तिला नाही लावला. ती रिकामी आहे."

डॉक्टरीणबाईंनी भिंतीकडे बघितलं, मग मधलीकडे, मग म्हाताऱ्याकडे. "आजींना दवाखान्यात बघायला गेले होते तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की धाकटी माजावर आली की तिला बाहेरचं बीज भरायचं. मी वाट बघत होते. तुमचा फोनच नाही आला."

"मला पण सांगितलं होतं तिने. धाकटीला जावई लावू नका म्हणून. म्हणूनच तर नाही लावला. वर्षभर नाही लावला. माजावर आली की वेगळी बांधली. दोन दोन दिवस हंबरून घर डोक्यावर घ्यायची, तरी नाही लावला."

सुनेच्या हातात वासराचं डोकं होतं. ती खाली बघतच म्हणाली, "बाबा, आई बोलल्या तेव्हा धाकटी हीच होती."

म्हाताऱ्याने मधलीच्या दाव्याकडे बघितलं.

"थोरली मेली ती त्यानंतर," सून म्हणाली. "मग तुम्ही सरकवल्या ना सगळ्या."

सरकवल्या होत्या. म्हातारी गेली आणि तिच्या मागोमाग थोरली गेली. भेटायला आलेले लोक गेल्यावर घरात करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा त्याला आठवलं की खुंटे बदलायचे राहिलेत. त्याने स्वतः दावी सोडली, स्वतः बांधली. मधलीची थोरली झाली, धाकटीची मधली. भिंतीकडच्या खुंट्याला मेलेल्या थोरलीची कालवड आणून बांधली, ती धाकटी झाली. रीत मोडली नाही म्हणून त्या दिवशी त्याला जरा बरं वाटलं होतं. जेवलाही होता.

"मला वाटलं तुमच्या लक्षात असेल," सून म्हणाली. "मला वळूचं काही कळत नव्हतं."

"ती भिंतीकडची कालवड कशी झालेली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तुमच्या सुईचीच, बाहेरच्या बीजाची," सून म्हणाली.

"मग हिला जावई चालला असता. हिचं त्याचं जवळचं नातंच नाही."

म्हणजे जिला चाललं असतं तिला वर्षभर रिकामी ठेवली, आणि जिला नको म्हणून सांगितलं होतं तिला त्याने स्वतः दाव्याला धरून मागे नेलं होतं. म्हाताऱ्याला तो दिवस आठवला. गाय पुढे जात नव्हती, म्हणून त्याने शेपूट पिळलं होतं.

"जगेल का ही?" त्याने विचारलं.

"नळी घालून दूध पोटात सोडता येईल. पण फट फार मोठी आहे. काही ना काही छातीत जाणारच. मी तुम्हाला खोटं सांगत नाही. सुई देऊन तिला झोपवता येईल, तिला कळणारही नाही."

"नळी द्या," म्हातारा म्हणाला.

नळी घालायची म्हणजे दोन माणसं लागायची. म्हातारा वासराला दोन्ही मांड्यांत धरायचा, हनुवटी वर करायचा. सून नळी जिभेवरून आत सरकवायची. वासरू गिळेल तशी नळी आत जायला हवी. घाई केली तर ती श्वासाच्या वाटेला जाते. म्हणून पुढे ढकलण्याआधी सून नळीच्या टोकाला कान लावायची. फुसफुस ऐकू आली तर काढायची आणि पुन्हा घालायची. मग नरसाळं उंच धरून दूध ओतायचं, हळूहळू. दिवसातून चार वेळा. तेवढ्यात मधली दाव्याला ओढ देऊन हंबरायची, कास तटतटलेली. वासरू कासेला लागल्याशिवाय ती नीट पान्हा सोडत नव्हती. त्याला जवळ आणावं तर ते सडाशी झोंबायचं आणि नाकातून दूध काढायचं. मग दोघांना एकमेकांना दिसतील एवढ्या अंतरावर बांधलं.

मुलगा दूधसंकलनाची गाडी चालवायचा. तो दुपारी परतला की दारातूनच विचारायचा, "आहे का?"

"आहे," सून म्हणायची.

एकदा तो गोठ्यात आला आणि वासराकडे बघत उभा राहिला. "म्हणजे हिचा बाप जावई. आईचा बाप जावई. आणि आजीचा?"

"आजीचापण," सून म्हणाली.

"सोयीचं आहे. आजोळी जायचं तर नुसतं तोंड फिरवायचं."

सुनेने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. म्हाताऱ्याने ऐकलं होतं. तो नळी गरम पाण्याने धूत होता.

"तुझ्या आईनेच केलं होतं ते," तो म्हणाला. "मधलीला जावई लावला, तेव्हाच्या मधलीला, म्हणजे या थोरलीला. त्याच्याच मुलीला. मी म्हटलं होतं, अगं, असं कुठे असतं का? म्हणाली, एकदा चालतं. रक्तातलं सगळं घट्ट होतं. आणि ही झाली." त्याने मधलीकडे बोट केलं. "हिच्यात काय खोट आहे सांग."

"मी कुठे खोट काढली?"

"दुधाला बघ. पायाला बघ. लहान मूल खालून गेलं तरी पाय हलवत नाही."

"बाबा, मी हिच्याबद्दल बोलतच नाहीये."

मेहुणा आला तो वैरणीचा टेंपो घेऊन. म्हातारीचा धाकटा भाऊ. बहीण असताना महिन्यातून एकदा यायचा, आता कामापुरता. वैरण उतरवून झाल्यावर तो गोठ्यात आला, वासराच्या तोंडात डोकावला आणि तोंड वाकडं केलं.

"दाजी, हे कशाला सांभाळताय?"

"जिवंत आहे म्हणून."

"माझं ऐका. शंभरात एखादं असं निघतंच. माणसांत निघत नाही का? म्हणून काय रक्तच वाईट?" तो गव्हाणीवर बसला. "तुमच्या गोठ्यातली गोऱ्ह्यांची जोडी लोक न बघता का नेतात? एकाच्या शेजारी दुसरा उभा केला की आरसा ठेवल्यासारखं दिसतं. उंची तीच, चाल तीच, जू एका बाजूला कलत नाही. ते काय आभाळातून पडलं? ताईने घरचं घरात ठेवलं म्हणून झालं. बाहेरचं आणलं की पहिल्या वितात खिचडी. एक लांब, एक आखूड, एक लाथाड्या."

"डॉक्टरीणबाई म्हणतात चांगलं घट्ट होतं तसं वाईटही घट्ट होतं."

"डॉक्टरीणबाईंच्या घरी किती गाई आहेत?"

"एकही नाही," सून म्हणाली. "त्यांच्या घरी मांजर आहे."

"मग झालं तर." मेहुणा हसला. मग त्याने आवाज खाली आणला. "जावई मला द्या. तुम्हाला नकोसा झाला असेल तर. माझ्याकडे त्याच्याच दोन मुली आहेत. ताईनेच दिलेल्या."

"मुलींना लावणार?"

"ताईने नाही लावला?"

म्हातारीने लावला होता. आणि म्हातारीनेच धाकटीला नको म्हटलं होतं. एकदा का चालतं आणि दुसऱ्यांदा का नाही, हे त्याने तिला कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. चाळीस वर्षं ती सांगायला बसलेली होती आणि तो पाणी भरत होता, कडबाकुट्टी करत होता, तिला म्हणत होता, तुझं तू बघ. दवाखान्यात तिने सांगितलं तेव्हाही तिला बोलताना दम लागत होता, म्हणून तो म्हणाला, बरं, तू बोलू नकोस.

"बघतो," तो मेहुण्याला म्हणाला.

"बघा बघा. नाहीतर जावई बसून खाईल आणि तुम्ही नळ्या धुवाल."

मेहुणा गेल्यावर सून म्हणाली, "देऊ नका बाबा."

"मी कुठे दिला?"

"नाही, पण तुम्ही 'बघतो' म्हणता तेव्हा देता."

वासराच्या अंगावर मांस धरत नव्हतं. केस मोठे आणि राठ झाले. तरी ते उठायचं, सून आली की कान पुढे करायचं, तिच्या हाताला डोकं घासायचं. भूक त्याला पोटाची नव्हती, तोंडाची होती. नळीने पोट भरलं तरी ते जे दिसेल ते चोखायचं, म्हाताऱ्याच्या शर्टाचं टोक, दाव्याची गाठ, बादलीची कड. म्हातारा त्याला बोट द्यायचा. चोखताना त्या फटीत बोट जायचं ते त्याला सहन होत नसे, पण काढून घेतलं की वासरू बोट शोधत त्याच्या अंगावर यायचं. मग पुन्हा द्यायचा.

एका सकाळी त्याच्या छातीतून आवाज यायला लागला. श्वास घेताना आत काहीतरी उकळल्यासारखं. म्हाताऱ्याने तो आवाज ओळखला. सुनेनेही ओळखला. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मी फोन करू?"

"औषध दे ते."

"औषध चालूच आहे."

"मग आज बघू."

मुलगा गाडीवर जाता जाता थांबला. "बाबा, तिला कशाला असं ठेवायचं? संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना बोलावू. पाच मिनिटांचं काम."

"तुला घाई आहे का?"

"मला नाही. तिला असेल."

त्या दिवशी म्हाताऱ्याने फोन करू दिला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उन्हाने गोठा तापला की तो पोतं भिजवून वासराच्या अंगावर टाकायचा, ते सुकलं की पुन्हा भिजवायचा. वासरू मान लांब करून, तोंड उघडं ठेवून श्वास घेत पडलं होतं. जीभ बाहेर. आता ते बोट चोखत नव्हतं. बोट दिलं तर नुसतं तोंडात ठेवायचं.

तिसऱ्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, "कर फोन."

डॉक्टरीणबाई दुसऱ्या वस्तीवर होत्या. येते म्हणाल्या. सून वासराचं डोकं मांडीवर घेऊन बसली. म्हातारा रस्त्यापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. स्कूटरचा आवाज ऐकू आला तेव्हा तो रस्त्यावरच होता. डॉक्टरीणबाईंना घेऊन गोठ्यात आला तर सून तशीच बसलेली होती, पण तिने वासराच्या अंगावरचं पोतं ओढून डोक्यापर्यंत घेतलं होतं.

"आत्ताच," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी खाली बसून पोत्याखाली हात घातला, मग काढला. "मी वाटेत फाटकापाशी अडकले," त्या म्हणाल्या. कोणी त्यांना काही विचारलं नव्हतं. "आता बोलावलंत ते बरं केलंत, असं म्हणणार होते."

"मीच उशीर केला," म्हातारा म्हणाला.

मधली ताठ उभी राहून पोत्याकडे बघत होती. हंबरत नव्हती. सुनेने बादलीत पाणी आणि साबण आणून ठेवला. डॉक्टरीणबाई हात धुवायला लागल्या, तसा म्हातारा म्हणाला, "बाई, एक विचारू?"

"विचारा."

"ती चुकली होती का? पहिल्यांदा लावला तेव्हा?"

डॉक्टरीणबाईंनी साबण खाली ठेवला. "तेव्हा चांगलं पडलं. वाईटही पडू शकलं असतं. ते आजींनाही माहीत असणार, म्हणून तर त्या थांबल्या."

"म्हणजे तिला कळत होतं."

"कळत होतं. पण आधी चांगलं झालं म्हणून पुढच्या वेळी चांगलंच होईल असं नसतं, बाबा. प्रत्येक वेळी नव्याने."

म्हातारा दाराजवळच्या खुंट्याकडे बघत होता. तिथे थोरली उभी होती, पोट दोन्ही बाजूंनी उतरलेलं, भरत आलेलं. तिला त्याने हिवाळ्याच्या आधी जावईच लावला होता. तिच्याबद्दल म्हातारीने काही सांगितलं नव्हतं, आणि तिची जावयापासूनची कालवड, म्हणजे ही मधली, निर्मळ झाली होती, म्हणून तेव्हा त्याला विचार करावासाही वाटला नव्हता.

"आलाच आहात तर हिला बघता का?" तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी सुनेकडे बघितलं. सुनेने मान हलवली. त्यांनी पिशवीतून लांब मोजा काढून खांद्यापर्यंत चढवला, त्यावर साबणाचं पाणी घेतलं. म्हाताऱ्याने थोरलीचं शेपूट धरून बाजूला केलं. हात कोपरापर्यंत गेला, मग त्याच्याही वर. थोरलीने पाठ वाकवली आणि तशीच रवंथ करत राहिली.

डॉक्टरीणबाई डोळे मिटून आत चाचपत होत्या. "आहे," त्या म्हणाल्या. "पाय लागला." थोडं थांबून म्हणाल्या, "चिमटा घेतला तर ओढून घेतला. दणकट आहे."

"म्हणजे जिवंत."

"जिवंत."

"आणि टाळू?"

त्यांनी डोळे उघडले. हात अजून आतच होता.

"तोंड हाताला लागत नाही, बाबा. फार खाली आहे."

"लागलं तर कळेल?"

"लागलं तरी नाही कळायचं. बाहेर आल्यावरच."

"आणि समजा कळलं, तर आत्ता काही करता येतं?"

"नाही."

त्यांनी हात हळूहळू बाहेर काढला, मोजा उलटा करून सोलला आणि बादलीपाशी गेल्या. सुनेने त्यांच्या हातावर पाणी घातलं. म्हातारा थोरलीचं शेपूट धरून उभा होता.

"सोडा आता, बाबा," सून म्हणाली. "झालं त्यांचं."

"हो," तो म्हणाला, आणि तसाच उभा राहिला.